देवाची इच्छा आणि माणसाची हयगय

धर्मगुरूच्या आयुष्यात काही प्रवचने अशी असतात की ती परत घेता आली असती तर बरे झाले असते, असे त्याला उतारवयात वाटू लागते. आमच्या वाट्याला असे एक प्रवचन आलेले आहे. ते आम्ही सुमारे वीस वर्षांपूर्वी, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा दफनभूमीत, चार वर्षांच्या मुलाच्या शवपेटीपुढे उभे राहून केले. मुलाचे पोट फुगत चालले होते. प्रथम जंताचे औषध झाले, मग कोणी पानथरी वाढली म्हणून सांगितले, मग अंगारा-धुपारा झाला. शहरात नेईपर्यंत मूत्रपिंडातली गाठ फुप्फुसांत पोचली होती. जवळचा पैसा संपला तसा बाप मुलाला घेऊन गावी परतला आणि महिना-दीड महिन्यात सारे आटोपले. आम्ही तेव्हा नवखे होतो. समोर आई ऊर बडवीत होती आणि आमच्याजवळ देण्यासारखे काहीच नव्हते. म्हणून आम्ही म्हणालो, ही देवाची इच्छा. तिच्यापुढे मान तुकवावी. लोकांनी मान तुकवली. आईनेही तुकवली.

हे वाक्य आम्ही पुढे अनेकदा उच्चारले असेल. त्याचा काटा मात्र आम्हाला तीनेक वर्षांपूर्वी रुतला. आमच्या आताच्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबातली साडेतीन वर्षांची मुलगी. तिला न्हाऊ घालताना आईच्या हाताला डाव्या कुशीत काहीतरी टणक लागले. मूल हसत होते, खेळत होते, दुखणे म्हणून काही नव्हते. आईने मात्र वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी ती ग्रामीण रुग्णालयात गेली, तेथून सोनोग्राफीला आणि आठवड्याच्या आत मुंबईला. आम्ही त्यांच्यासोबत गेलो होतो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात एका तरुण डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "फादर, या आजारात वेळेवर आलेली आणि उपचार पुरा केलेली शंभरातली नव्वदच्या आसपास मुले बरी होतात. फक्त मधूनच उठून जाऊ नका, एवढे त्यांना तुम्ही समजवा."

शंभरात नव्वद! आम्ही बाकावर बसून राहिलो. तोच अवयव, तीच गाठ, जवळजवळ तेच वय. मग वीस वर्षांपूर्वी ज्याला आम्ही देवाची इच्छा म्हणालो, ती नक्की कोणाची इच्छा होती? तिच्यात देवाचा भाग किती आणि आमच्या अज्ञानाचा, दारिद्र्याचा, साडेपाचशे किलोमीटर अंतराचा भाग किती? या लेखात आम्ही हाच प्रश्न वाचकांपुढे ठेवणार आहोत.

प्रथम आजाराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण अज्ञानातून आलेल्या भक्तीपेक्षा ज्ञानातून आलेली भक्ती देवाला अधिक आवडत असावी, असे आम्हास वाटते. मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या कर्करोगांपैकी दहात नऊ प्रकरणे एकाच प्रकारची असतात. त्याला 'विल्म्स ट्यूमर' म्हणतात. माक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाने १८९९ मध्ये या गाठींवर ग्रंथ लिहिला, म्हणून हे नाव. पंधरा वर्षांखालील साधारण दहा हजार मुलांमागे एकाला हा आजार होतो. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली असतात; तिसरे-चौथे वर्ष विशेष धोक्याचे. शंभरात पाच ते दहा मुलांना तो दोन्ही मूत्रपिंडांत होतो. उरलेल्या प्रकारांत काही फार क्रूर आहेत. तान्ह्या बाळांना होणारी 'ऱ्हॅब्डॉइड' नावाची गाठ अजूनही बहुतेकांचा जीव घेते.

दहा हजारांत एक म्हणजे नगण्य, असे कोणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती. त्यातली पंधरा वर्षांखालील मुले सात लाखांच्या आसपास धरली, तर या हिशेबाने दरवर्षी चार-पाच मुलांच्या घरी हे संकट येत असले पाहिजे. खामगावच्या बाजारात, शेगावच्या गर्दीत, मेहकर-चिखलीच्या एस.टी. गाडीत ती मुले आपल्या शेजारी बसलेली असतात. आणि ज्या आईचे मूल त्या चार-पाचांत असते, तिच्यासाठी दहा हजारांचा आकडा निरर्थक ठरतो. तिच्यासाठी सारे जग म्हणजे तेच एक मूल.

मुंबईहून पहिल्यांदा परत आल्यावर मुलीच्या आजीने आम्हाला विचारले, "फादर, कोनाचं पाप लागलं या लेकराले?" हा प्रश्न जुना आहे. जन्मांध मनुष्याकडे पाहून शिष्यांनी प्रभू येशूला हेच विचारले होते: पाप याचे की याच्या आईबापांचे? संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आहेत. सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हाही ती माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती, असे त्याने बजावले. इतके स्पष्ट उत्तर मिळूनही दोन हजार वर्षे आपण तोच प्रश्न विचारीत आहोत, आणि तो बहुधा आईलाच विचारीत आहोत. गरोदरपणी ग्रहणात बाहेर गेली होती का? काय खाल्ले होते? कोणाचे काही मनात धरले होते का?

आमच्या भागात या प्रश्नाला आणखी एक वळण मिळते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आमच्या वाचकांना सांगायला नको. विहिरीचे पाणी खारट, बोअरचे पाणी खारट. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत मूत्रपिंड निकामी होऊन गेलेले बाप्ये आणि बाया प्रत्येकाच्या ओळखीच्या आहेत. त्यामुळे 'किडनी' हा शब्द कानी पडताच आमच्या लोकांच्या तोंडी पाणी येते. मुलीच्या आईने तर कबुलीच दिल्यासारखे सांगितले, "मीच तिले बोअरचं पाणी पाजलं." गोड्या पाण्याचा प्रश्न खराच आहे आणि त्यासाठी लढलेच पाहिजे. पण मोठ्यांची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होणे हा वेगळा आजार आहे आणि लहान मुलांची ही गाठ वेगळी. बाळ गर्भात असताना मूत्रपिंड घडविणाऱ्या काही पेशी असतात. जन्मापूर्वी, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत, त्यांचे काम संपून त्या परिपक्व व्हायच्या असतात. क्वचित काही पेशी तशाच अर्धवट राहतात आणि पुढे केव्हातरी बेबंद वाढू लागतात. आईच्या खाण्याने, पाण्याने, वागण्याने हे होते असे कोठेही सिद्ध झालेले नाही. वंशपरंपरेने येणारी प्रकरणेही शंभरात एक-दोनच. म्हणजे विज्ञानानेही आजीला तेच उत्तर दिले जे प्रभूने शिष्यांना दिले होते: पाप कोणाचेही नाही. ते उत्तर आम्ही त्या आईला सांगितले तेव्हा ती प्रथमच रडली. इतके दिवस अपराधी असल्यामुळे तिला रडण्याचाही हक्क वाटत नव्हता.

आता जगण्याचे आकडे पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी हा आजार झालेली शंभरातली दहा मुलेही वाचत नसत. १९३० च्या दशकात अमेरिकेत बोस्टनच्या बालरुग्णालयात विल्यम लॅड यांनी शस्त्रक्रियेची पद्धत सुधारली आणि जवळजवळ एक तृतीयांश मुले वाचू लागली. पुढच्या दशकात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराची जोड मिळाली आणि हा आकडा निम्म्याच्या जवळ आला. त्याच शहरात १९५० च्या दशकात सिडनी फार्बर यांनी 'ॲक्टिनोमायसिन' हे औषध वापरले आणि ज्यांचा आजार पसरलेला नव्हता अशा मुलांपैकी बहुसंख्य वाचू लागली. हे औषध मातीतल्या सूक्ष्म जंतूंपासून मिळते. १९६० च्या दशकात 'व्हिन्क्रिस्टिन' आले. ते कशापासून मिळते? सदाफुलीपासून. १९६९ पासून अमेरिकेत आणि १९७१ पासून युरोपात अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन, कोणत्या मुलाला किती उपचार पुरे, किती अधिक, याचा पद्धतशीर अभ्यास केला. आज श्रीमंत देशांत शंभरातली नव्वदच्या आसपास मुले जगतात.

सदाफुलीचे नाव ऐकले तेव्हा आम्हाला ती जुनी दफनभूमी आठवली. आपल्याकडे कुंपणाशी, अंगणात, थडग्यांवर सदाफुली आपोआप उगवते. तिला कोणी पाणी घालीत नाही. त्या मुलाच्या कबरीवरही ती होती. (येथे एक इशारा देतो. सदाफुलीचा पाला किंवा काढा मुलाला देणे म्हणजे विष देणे आहे. शुद्ध केलेले, मोजून दिलेले औषधच उपयोगी पडते.)

हा इतिहास सांगण्याचे कारण असे. दहातले एक मूल जगत होते तेव्हा आणि दहातली नऊ जगू लागली तेव्हा, या मधल्या काळात देवाची इच्छा बदलली काय? देव तर बदलत नाही, असे आपण श्रद्धेने मानतो. बदलले ते माणसाचे ज्ञान आणि माणसाची चिकाटी. तसेच, मुंबईतल्या मुलाने जगावे आणि संग्रामपूरच्या मुलाने मरावे, अशी देवाची इच्छा असू शकेल काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना कर्करोग होतो. सर्व प्रकार मिळून श्रीमंत देशांत शंभरात ऐंशीहून अधिक बरी होतात आणि अनेक गरीब देशांत तीसही होत नाहीत. या संघटनेने २०१८ मध्ये एक संकल्प सोडला की २०३० पर्यंत जगभर निदान साठ टक्के मुले वाचावीत. त्यासाठी जे सहा आजार मुख्य म्हणून निवडले त्यांत विल्म्स ट्यूमर आहे. का निवडला? कारण तो बरा करता येतो हे माहीत आहे. जे करता येते हे माहीत असूनही होत नाही, त्याला दैव म्हणता येत नाही.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांच्या आधारे शिकवले गेले की देवाची इच्छा आणि देवाची अनुमती यांत भेद आहे. देव वाईटाची इच्छा करीत नाही; तो ते घडू देतो. परीक्षेत आम्ही हा भेद उत्तम लिहिला होता. दफनभूमीत उभे राहिल्यावर मात्र तो विसरलो. आणि आज आम्हाला वाटते की 'अनुमती' हा शब्दही सावधपणे वापरला पाहिजे. देवाने काय घडू दिले हे विचारण्यापूर्वी आपण काय घडू दिले याचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब न देता देवाचे नाव घेणे म्हणजे आपले कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर लिहिणे होय.

हिशेबात पहिली रक्कम उशिराची. न दुखणारी गाठ आपण दुर्लक्षितो. दुखेल तेव्हा पाहू म्हणतो. हा आजार तर बहुधा न दुखताच येतो. काही मुलांना लघवीतून रक्त जाते, ताप येतो, रक्तदाब वाढतो. पण पुष्कळदा आईच्या हाताला लागलेली गाठ हीच पहिली खूण असते. अशी गाठ लागली तर ती दाबून दाबून पाहू नये, शेजारणींनाही पाहू देऊ नये, कारण ती फुटण्याचा धोका असतो. सरळ डॉक्टर गाठावा आणि सोनोग्राफी करून घ्यावी.

दुसरी आणि मोठी रक्कम आहे मधूनच उपचार सोडण्याची. आमच्या या मुलीचीच गोष्ट घ्या. आधी औषधे देऊन गाठ लहान केली, मग शस्त्रक्रियेने डावे मूत्रपिंड काढले. पोर आठवड्यात उठून खेळू लागली. पुढे काही महिने औषधे घ्यायची होती. तेवढ्यात मृगाचा पाऊस पडला. बाप आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, गाठ तं काढली. पोरगी बरी दिसते. पेरन्या आल्या. आता पुन्हा कायले जावं?" त्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. पण दोन एकर कोरडवाहू, सोसायटीचे कर्ज, घरी आणखी दोन मुले. आणि मुंबईत रस्त्याकडेला झोपण्याचा अनुभव घेतलेला. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठी त्याने डोळ्यांसमोरचे शेत पडीक ठेवावे, ही अपेक्षा आपण ज्या सहजतेने करतो त्या सहजतेने त्याची पेरणी करून द्यायला जातो काय?

येथे प्रश्नाचे खरे मर्म आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००९ च्या सुमारास कर्करोग झालेल्या मुलांपैकी जवळपास पाचवा हिस्सा उपचार नाकारीत किंवा अर्ध्यावर सोडून जात असे. मग तेथे मुलांच्या विभागाने कुटुंबांना निवास, अन्न, पैसा, समुपदेशन आणि घरी गेलेल्यांचा पाठपुरावा अशी व्यवस्था उभी केली. काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. कोणतेही नवे औषध शोधले गेले नव्हते. छप्पर, जेवण आणि 'तुम्ही का आला नाहीत?' असे विचारणारा एक आवाज, एवढ्याने मुले वाचली. म्हणजे ती मुले आधी मरत होती ती रोगाने जितकी, तितकीच एकाकीपणाने.

आपल्या वऱ्हाडच्या मातीने हे फार पूर्वी ओळखले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या गाडगे बाबांनी मंदिरे न बांधता धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही गावोगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग आसरा घेतात. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या 'सेंट जूड' केंद्रांत कर्करोगाच्या बालरुग्णांना आईबापांसह विनामूल्य राहता येते. निराशांचा आश्रयदाता म्हणून आपण संत जुदाची नोव्हेना करतो. त्याच्या नावाने कोणी खोली उघडून दिली, ही त्या नोव्हेनेची फलश्रुती समजावी. शासनाची योजनाही आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी ही योजना कर्करोगाच्या उपचारांचा खर्च उचलते. रेल्वेही कर्करुग्णाला व सोबत्याला भाड्यात मोठी सवलत देते. पण कागद कोठला, शिक्का कोणाचा, खिडकी कोणती, हे सांगायला कोणीतरी हवे असते. ज्याला वाचता येते त्याच्या वाचण्यावर ज्याला येत नाही त्याचाही हक्क आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, फादर, म्हणजे सारे माणसाच्याच हाती आहे काय? नाही. शंभरात नव्वद म्हटले की दहा उरतात. त्या दहांच्या आईबापांनी वेळेवर धाव घेतलेली असते, शेत विकलेले असते, एकही सुई चुकविलेली नसते; तरी मूल जाते. त्यांना आपला हा युक्तिवाद ऐकवून 'तुमचे काहीतरी चुकले असेल' असे भासविणे, हे आजीच्या प्रश्नाहून वाईट पाप ठरेल. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर ते मित्र होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले आणि परके झाले. त्या दहांच्या घरी आपण पहिल्या सात दिवसांचे मित्र व्हावे. 'देवाची इच्छा' हे शब्द आईबापांनी स्वतः अश्रूंतून उच्चारले तर ती प्रार्थना असते. तेच शब्द बाहेरच्याने उच्चारले तर पुष्कळदा ती पळवाट असते. हा भेद आम्हाला फार उशिरा कळला.

ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते विल्म्स १९१८ साली हायडेलबर्गला घटसर्पाने वारले. महायुद्ध चालू होते. एका फ्रेंच युद्धकैद्याचा गळा घटसर्पाने बंद झाला होता. विल्म्स यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली आणि त्याचा रोग त्यांना लागला. शत्रूच्या माणसाला श्वास मिळावा म्हणून गेलेल्या त्या जीवाला देवाची इच्छा काय आहे हे विचारायला वेळ नव्हता. समोर गुदमरणारा माणूस होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखावर जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्यात दुःखाच्या अर्थाचे गहन चिंतन करून ते अखेरीस दयाळू शोमरोनी माणसापाशी येऊन थांबतात. दुःख का आहे याचे पुरते उत्तर आम्हाला मिळालेले नाही. दुःख दिसल्यावर थांबायचे असते, एवढे मात्र निःसंदिग्ध सांगितले गेले आहे.

त्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील सात-आठ माणसांनी त्या मुलीच्या बापाची कपाशी पेरून दिली. कोणी बैलजोडी आणली, कोणी बियाणे उधार दिले, महिला मंडळाने निंदणीचे दिवस वाटून घेतले. बाप मुंबईला परत गेला. उपचार पुरे झाले. ती आता शाळेत जाते. तपासण्या चालू आहेत. हा आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, तो काळ गेला आहे, तरी तिच्या रक्तदाबाकडे आणि उरलेल्या मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावेच लागेल. आजीला आता नवी काळजी लागली आहे: "एका किडनीच्या पोरीले करून कोन घेईन?" एक निरोगी मूत्रपिंड माणसाला जन्मभर पुरते, हे आम्ही आजीला सांगतो. पण ते आजीला पटून भागणार नाही. उद्या जे सोयरीक पाहायला येतील त्यांना पटले पाहिजे, आणि ती माणसे तुम्हा-आम्हांतलीच असणार. मूल रुग्णालयात वाचविले आणि समाजाने त्याला बाजूला ठेवले, तर त्या वाचविण्याला आपण काय म्हणावे?

गेल्या नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही त्या जुन्या दफनभूमीत मुद्दाम गेलो. मुलाची आई आता थकली आहे. आम्ही तिला म्हणालो, बाई, त्या दिवशी आम्ही देवाच्या नावावर जे बोललो ते बोलायला नको होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फादर, तुमी आले होते नं तवा, तेवढंच ध्यानात हाये." आमचे प्रवचन तिच्या लक्षातही नव्हते. आम्ही मेणबत्ती लावली. कबरीवर सदाफुली फुललेली होती. ती आम्ही उपटली नाही.